पायवाटेची पाटी

पाटी लावली नसती तर वाट आजही तिथेच असती, हे कुवेतच्या मंगफमधल्या त्या इमारतीतलं कोणीही तुम्हाला सांगेल. न विचारता सांगेल, आणि सुभाष रिसबूड आसपास असले तर आवाज जरा चढवून सांगेल. रिसबूड अशा वेळी लिफ्टचं बटण पुन्हापुन्हा दाबत उभे राहतात. लिफ्ट बहुधा बंद असते, त्यामुळे ते सगळं त्यांना पूर्ण ऐकावं लागतं.

रिसबूड शुऐबातल्या एका ठेकेदार कंपनीत हिशेब तपासतात. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला घरी आल्यावर निदान एक चूक स्वतःची करावीशी वाटत असावी. पण चूक करायची तर बेताची करावी. इमारतभर पुरेल अशी कशाला?

इमारतीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. वाळू, खडी, एक मोडका सोफा आणि वाऱ्याने आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, एवढीच त्याची संपत्ती. पलीकडे कंपनीच्या बसचा थांबा, मशीद आणि खुबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची भट्टी; अलीकडे, इमारतीच्या कडेला, रत्नागिरीच्या नूरुद्दीनचं किराणा दुकान. रस्त्याने जायचं म्हटलं तर थेट सिग्नलपर्यंत जाऊन वळसा, आणि कुवेतच्या उन्हाळ्यात तो वळसा म्हणजे माणूस पापडासारखा भाजून निघतो. म्हणून सगळे प्लॉटमधून तिरके जात. वीसबावीस वर्षं जात होते. पावलांनी वाळू दबून तिथे चांगली घट्ट, पांढुरकी वाट पडली होती. प्लॉट कोणाचा, हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. ती वाट टिकली ती एवढ्याच पुण्याईवर.

मग रिसबूड इंग्लंडला गेले.

त्यांची मुलगी, पूर्वी तिचं नाव, तिथे श्रॉपशरमधल्या एका गावी नोकरीला लागली होती. तिच्याकडे नवरा-बायको आठवडाभर राहायला गेले. अंजूताईंना लंडन बघायचं होतं. राजवाडा, तो मोठा पाळणा, दुकानं अशी त्यांची सगळी आखणी झालेली होती. पण पहिल्याच सकाळी पूर्वी बाबांना शेतातून फिरायला घेऊन गेली आणि अंजूताईंचं लंडन बुडालं ते बुडालंच. त्या अजून तो विषय काढतात. कुठल्याही विषयातून काढतात. कोबी महागला, तरी तिथून लंडनला पोचतात.

झालं असं, की गव्हाचं शेत ऐन रंगात होतं आणि त्याच्या मधोमध एक पायवाट सरळ पलीकडे गेली होती. शेताच्या कडेला कुंपण, आणि कुंपणावर चढून जायला लाकडाच्या दोन पायऱ्या. बाजूला खांबावर हिरवी पाटी होती, सार्वजनिक पायवाट अशी. रिसबूड पायरीपाशीच थबकले. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टरवर शेताचा मालक आला. त्याला बघताच रिसबुडांचा हात आपोआप खिशात गेला आणि त्यांनी आपलं कुवेतचं ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा हात आहे तो, कोणी हाक मारली की आधी कार्ड काढतो. शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, वाकून कार्ड बघितलं, रिसबुडांच्या फोटोची तारीफ केली आणि काय हवंय म्हणून विचारलं.

"आम्ही इथून गेलो तर चालेल का?" रिसबूड म्हणाले.

"मला कशाला विचारता?" तो म्हणाला. "वाट तुमचीच आहे."

पुढे पूर्वीने समजावून सांगितलं. तिथे जमीन कोणाचीही असो, लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उजळ माथ्याने चालत राहिले आणि कोणी अडवलं नाही, तर ती वाट सगळ्यांची होऊ शकते. मालकाने ती नांगरली तरी परत मोकळी करून द्यायची. गहू लावायचा तो वाट सोडून. रिसबुडांनी हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. पुढे एक जुनी गल्ली लागली. दोन्हीकडे झुडपांच्या दाट भिंती, वर झाडांची कमान, आणि शेकडो वर्षांच्या चाकांनी नि पावलांनी झिजून ती शेतांच्या पातळीपेक्षा पुरुषभर खोल गेलेली. रिसबूड तिथे उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. पूर्वीने विचारलं तेव्हा त्यांनी परागकणांचं नाव सांगितलं.

खरी गोष्ट अशी होती, की त्यांना हेवा वाटला. त्या चिखलाच्या गल्लीचा हेवा. या मंडळींनी काय केलं होतं? नुसते चालले होते. कोणापुढे अर्ज नाही, शिक्का नाही, मुदत संपत आली म्हणून धावपळ नाही. आणि आपण बावीस वर्षं एका देशात राहून, दर वेळी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून मिळाला की पेढे वाटतो. मिळतं ते सगळं मेहेरबानीने. हक्काचं म्हणून आपल्याजवळ काय आहे? आणि मग त्यांना आठवली प्लॉटमधली वाट.

कुवेतला परतल्यावर पहिले काही दिवस त्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडले. इथवर ठीक होतं. लोक कौतुकाने बघत, काहीजण तर दगडांना चुना लावा म्हणूनही सुचवत. पण रिसबूड मूळचे पुण्याचे, आणि नुसत्या दगडांवर थांबला तर तो पुणेकर कसला? रिसबुडांनी पाटीचा विचार बोलून दाखवला.

"रिसबूडसाहेब, वाट हाय तशी ऱ्हाऊ द्या," नूरुद्दीन म्हणाला. तो तीस वर्षांहून जास्त इथे, अरबी अगदी फर्मास बोलणारा, आणि दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला. दुकान आणि मशीद यांच्यामध्ये ती वाटच त्याला परवडत असे. "इतकी वर्सं चाललो, कुणी नाव घेतलं नाय. आता नाव कशाला देताव तिला?"

"नाव दिल्याशिवाय तिची नोंद होत नाही, नूरुद्दीन."

"नोंद कशाला हवी? मी पन नोंद न करता चालतंय."

रिसबुडांनी त्याला श्रॉपशर समजावून सांगितलं. नूरुद्दीनने ते सगळं ऐकून घेतलं आणि पाटी लावणारच असाल तर खाली दुकानाकडे बाण दाखवा, असं सुचवलं. चौथ्या मजल्यावरच्या प्रेमा सबनीस, म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षा, त्यांचं म्हणणं पडलं की मराठी अक्षरं वर हवीत. अरबी वर नसेल तर आपण सगळे आत जाऊ, असं त्यांच्या यजमानांचं मत होतं. रिसबुडांचा मुलगा सुयश म्हणाला, "डॅड, इट्स सॅंड." एवढं बोलून त्याने कानात परत त्या गाणी ऐकायच्या गोळ्या घातल्या.

शेवटी राई नावाच्या भागातल्या एका रंगाऱ्याकडून हिरवी पाटी करून आणली. वर अरबी, मध्ये इंग्रजी, खाली मराठी: सार्वजनिक पायवाट. बाण नव्हता, म्हणून नूरुद्दीन दोन दिवस रुसून होता.

राईत गेलेच होते, तर रिसबूड शेजारच्या अशरफ सुताराकडेही डोकावले. हा बिचारा यंत्रांसाठी लाकडी खोकी ठोकणारा माणूस. त्याला त्यांनी मोबाइलवर श्रॉपशरच्या कुंपणावरच्या पायऱ्या दाखवल्या आणि तशाच बनवून मागितल्या. अशरफने मापं घेतली आणि विचारलं, "साहब, दीवार किधर है?"

"दीवार नहीं है."

"तो ये चढ़ के जाना किधर है?"

प्रश्न बिनतोड होता. पण बिनतोड प्रश्नाने माघार घेतली तर तो तपासनीस कसला! पायऱ्यांना कुंपण लागतं, म्हणून रिसबुडांनी कुंपणाचा एक तुकडाही बनवायला सांगितला. दोन खांब, तीन आडव्या फळ्या, मध्ये पायऱ्या. तो सगळा सांगाडा भाड्याच्या पिकअपमधून आणून वाटेच्या तोंडाशी रोवला. दोन्ही बाजूंना सगळं मैदान मोकळं. लोक त्याला वळसा घालून जाऊ लागले. पायऱ्या चढून जाणारे एकटे रिसबूड, सकाळी बसला जाताना आणि संध्याकाळी परत येताना, डब्याची पिशवी सावरत.

आता एवढं झाल्यावर उद्घाटन नको? प्रेमाताईंनी ते अंगावर घेतलं. शुक्रवारी सकाळी पन्नासएक माणसं जमली. नारळ फोडला, बटाटेवडे झाले, रिसबुडांनी हक्क या विषयावर भाषण केलं. भाषण लांबलं. मग फोटोसाठी प्रेमाताई पैठणी नेसून त्या पायऱ्यांवर चढल्या, वरच्या फळीवर उभं राहून त्यांनी हात हलवला, आणि खोक्यांचं लाकूड ते, खोक्याएवढाच भार पेलणारं, कडकन बोललं. प्रेमाताईंचा पाय मुरगळला. त्यांचा पडतानाचा व्हिडिओ जेवणाच्या आत कुवेतभरच्या मराठी ग्रुपांवर फिरला आणि तिथून कुठे कुठे गेला कोण जाणे. त्यात प्रेमाताई पडताना दिसतात, रिसबूड वडा खाताना दिसतात, आणि पाटी फारच सुरेख, ठळक दिसते.

रविवारी नगरपालिकेचा निरीक्षक आला.

माणूस सभ्य होता. त्याने पाटी वाचली, पायऱ्या बघितल्या आणि खालून वर बघत उभं राहून हे काय आहे, असं विचारलं. रिसबुडांनी त्याला गव्हाच्या शेतापासून सुरुवात करून खोल गल्लीपर्यंत सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाला, "माय फ्रेंड, धिस इज मंगफ." पाटी आणि लाकडं आठवड्याभरात काढा, बाकी काही नाही, असं सांगून तो गेला. दंड नाही की तंबी नाही. वाटेबद्दल तर त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

अंजूताई म्हणाल्या, "अहो, काढून टाका ती पाटी. चालायला कोणी अडवलंय का?"

"प्रश्न पाटीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वासाठीच लंडन सोडलं आपण. ठाऊक आहे मला."

एखादा शहाणा माणूस त्या दिवशी पाटी घरी नेऊन माळ्यावर टाकता. रिसबुडांना मात्र तो अपमान वाटला. माय फ्रेंड म्हणून केलेला, म्हणजे अधिकच. त्यांनी ठरवलं, पाटी काढायची नाही, रीतसर परवानगी काढायची. रजा टाकून ते कचेरीत गेले. पहिल्या खिडकीने दुसरी दाखवली, दुसरीने मजला बदलायला लावला, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं की जागेवर पाटी लावायची तर जागेच्या मालकाची हरकत नसल्याचं पत्र आणा. मालक कोण? ते तुम्ही शोधा, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

तुम्ही-आम्ही इथे घरी गेलो असतो. पण शोधून काढणं हाच या माणसाचा धंदा. जुन्या दलालांना गाठ, मशिदीच्या इमामांना विचार, नूरुद्दीनला दुभाषी म्हणून ओढत ने, असं करत करत रिसबुडांनी ज्याला कोणी वीस वर्षं शोधलं नव्हतं तो मालक शोधून काढला. अबू यासिर त्याचं नाव. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांची छाती फुगलेली होती. आपण कोणाला जागं करतोय, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

अबू यासिर यांच्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गाद्यांवर रिसबूड आणि नूरुद्दीन या दोघांना बसवलं गेलं. वेलदोड्याचा वास येणारी कॉफी आली, खजूर आले. अबू यासिर सत्तरीचे, हसतमुख, इंग्रजी अगदी साहेबी.

"तो प्लॉट!" ते म्हणाले. "माझ्या चुलत्यांचा होता. वारसांमध्ये वाद चालला होता. तो मिटून प्लॉट माझ्याकडे कधी आला, मी विसरूनच गेलो होतो. तुम्ही आठवण करून दिलीत, फार उपकार झाले."

रिसबुडांनी पाटीचा विषय काढला. तो समजावून सांगायचा म्हणून इंग्लंडचा काढला. इंग्लंडचं नाव निघताच अबू यासिर खुलले.

"इंग्लंड? माझं शेत आहे तिथे. दर उन्हाळ्यात जातो." त्यांनी मोबाइल काढला. गव्हाचं शेत, दगडी घर, कुंपण, कुंपणावर लाकडी पायऱ्या. रिसबूड पुढे सरकून बघायला लागले. "पण डोकेदुखी आहे. शेताच्या मधोमध पायवाट. सगळं गाव त्यातून जातं. कुत्रे घेऊन जातं. मी नाश्ता करत असतो आणि खिडकीतून अनोळखी माणसं मला गुड मॉर्निंग म्हणतात! मी वकील केला. तो म्हणाला, काही करता येणार नाही, लोक फार वर्षांपासून चालतायत. वीस वर्षं माणूस चालला की संपलं."

"बरोबर!" रिसबूड म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. सबंध कुवेतमध्ये आपलं म्हणणं कळणारा एक माणूस भेटला होता.

"तुम्ही माझ्या प्लॉटमधून जाता ना?" अबू यासिर यांनी सहज विचारलं. "किती वर्षं?"

नूरुद्दीनने गादीवरून हळूच पाय लांबवून रिसबुडांच्या पायावर ठेवला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो हवा तेवढा जोरात दाबता आला नाही, असं तो पुढे सांगत असे.

"बावीस वर्षं," रिसबूड अभिमानाने म्हणाले. "सलग. उजळ माथ्याने. कोणी अडवलं नाही."

अबू यासिर यांनी कॉफीची वाटी खाली ठेवली. मग त्यांनी विषय बदलला, मुलांची चौकशी केली, आणि निघताना दारापर्यंत पोचवायला आले. "इंग्लंडला आलात तर माझ्या शेतातून जरूर चाला," ते रिसबुडांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तिथे मी तुम्हाला अडवूच शकत नाही!" आणि मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. एकदा तोंड पोळलेला होता, एवढंच.

गाडीत नूरुद्दीन गुडघे चोळत बसला. "साहेब," तो शेवटी म्हणाला, "चोराला सुदिक येवढी कबुली देताना कुनी बघितलं नाय."

आठवड्याच्या आत प्लॉटभोवती पत्रे उभे राहिले. पुरुषापेक्षा उंच, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. कुवेतचा कायदा काय म्हणतो हे अबू यासिर यांनी विचारलंही नसेल. इंग्लंडचा त्यांना पाठ होता, तेवढा पुरला. अशरफच्या पायऱ्यांचं लाकूड पत्र्यांना टेकू म्हणून लागलं. बरं झालं, निदान पायऱ्यांना कुंपण मिळालं.

मग इमारतीने रिसबुडांना काय काय ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही. प्रेमाताई काठी टेकत सिग्नलपर्यंत जातात आणि वाटेत भेटेल त्याला पायाची हकिगत सांगतात. नूरुद्दीनला मशिदीत जायला आता टॅक्सी करावी लागते, नाहीतर दुकानातच नमाज पढतो. तो रिसबुडांना एका शब्दाने बोलला नाही. उधारीची वही पूर्वीसारखीच त्यांच्यासाठी उघडी ठेवली. रिसबुडांना तेच फार लागलं. इतरांशी त्यांनी तत्त्वावरून वाद घातला असता, पण त्या माणसाच्या गुडघ्यांपुढे तत्त्व टिकेना. एकदा ते दुकानात जाऊन म्हणाले, "नूरुद्दीन, माझं चुकलं." तो म्हणाला, "चुकलं नाय ओ. तुमाला वाटलं, आपन हितलेच झालो. मना पन वाटायचा सुरुवातीला." आणि त्याने दुधाची पिशवी पुढे सरकवली.

पाटीचं काय झालं, ते पुढच्या आठवड्यात दिसलं. पत्रे ठोकणाऱ्या ठेकेदाराला पाटी हवी होती आणि चांगली रंगवलेली पाटी आयती खांबावर होती. त्याने ती उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूला त्याच तीन लिपींत लिहिलं होतं. सगळ्यात खाली, मराठीच्या जागी हिंदीत, अगदी निर्दोष: अंदर आना मना है. अक्षर त्याच रंगाऱ्याचं होतं. रिसबुडांना ते लांबूनही ओळखू आलं.

डोक्याला सगळं कळलं तरी पायांना कोण सांगणार? संध्याकाळी बसमधून उतरले की ते आपोआप तिरके वळत आणि पत्र्याशी जाऊन थांबत. मग सिग्नलकडे निघत. सुयश एकदा गॅलरीतून बघत होता. "डॅड, जस्ट टेक द रोड," तो रात्री जेवताना म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने कानातल्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. अंजूताई त्या जेवणात लंडनबद्दल काही बोलल्या नाहीत.

असेच एकदा ते वळले तर दोन पत्र्यांच्या मधे बोटभर फट दिसली. त्यांनी डोळा लावला. आत तो सोफा होता, पिशव्या होत्या, आणि वाळूतून तिरकी गेलेली ती पांढुरकी वाट होती, दगडांच्या दोन रांगांमध्ये. अजून पुसली गेली नव्हती. नांगरायला कोणी आलं नव्हतं, गहू लावायला कोणी येणार नव्हतं. रिसबूड बघत राहिले. आपण बावीस वर्षं चाललो याचा दुसरा काही पुरावा आपल्याकडे नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार एकटं वाटलं.

"ए साहब! बताका दिखाओ."

मागे राखणदार उभा होता. कोवळ्या मिशीचा, नव्या गणवेशाची घडी अजून न मोडलेला. मागच्याच महिन्यात देशातून आला असावा. बताका म्हणजे ओळखपत्र. रिसबुडांचा हात खिशात गेला. श्रॉपशरच्या शेतात हेच कार्ड कोणी न मागता त्यांनी पुढे केलं होतं.

राखणदाराने कार्ड उलटसुलट करून बघितलं. त्याला अरबी वाचता येत नसावं. परत देताना त्याने या पांढऱ्या केसांच्या, पत्र्याला डोळा लावून उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघितलं, आणि त्याचा आवाज मऊ झाला.

"इधर नए आए हो क्या, साहब? यहाँ से रास्ता नहीं है. वो उधर, सिग्नल से घूम के जाना पड़ता है."

रिसबुडांनी कार्ड खिशात ठेवलं.

"हाँ," ते म्हणाले. "नया हूँ."

आणि त्याने दाखवलेल्या दिशेने, सिग्नलकडे चालू लागले.